बदकाचं कुलूप

हेट्टीनं फिनलेला पहिल्यांदा पाहिलं ते फक्त घोट्यापर्यंत.

ती गाडीखालच्या खड्ड्यात उभी होती. डोक्यावर डब्याचं पोट, हातात पाना, नाकावर ब्रेकची काळी धूळ… आणि खड्ड्याच्या कडेला एकाएकी दोन बूट येऊन उभे राहिले. नवे नव्हते, पण स्वच्छ पुसलेले होते. कार्लाइलच्या रेल्वे डेपोत नोव्हेंबरातल्या चिखलात कुणी बूट पुसून येतं, याचंच हेट्टीला इतकं नवल वाटलं की हातातला पाना तसाच राहिला.

"खाली कोण आहे?" बुटांनी विचारलं.

"मी."

"मी म्हणजे?"

"बोर्डावर कुलूप आहे ना? त्यावर बघा की."

बूट गेले. थोड्या वेळानं परत आले.

"नाव पुसून गेलंय," आवाज म्हणाला. बोलण्याची ढब स्कॉटलंडची, तीही अगदी वरच्या किनाऱ्याकडची. "एक पिवळं बदक तेवढं दिसतंय."

"मग झालं तर. बदक खाली काम करतंय."

"असं…" आवाज जरा घुटमळला. "मग बदकाला चहात साखर किती लागते?"

"दोन चमचे," हेट्टी म्हणाली, आणि अंधारातच हसली.

त्या डेपोत गाडीखाली उतरणारा प्रत्येक माणूस आधी रुळाशेजारच्या बोर्डावर स्वतःचं लाल कुलूप लावतो. बोर्डावर एक जरी कुलूप असलं तरी ती गाडी हलत नाही, मग बाहेर प्रवासी खोळंबोत नाहीतर साक्षात राजा येऊन उभा राहो. प्रत्येक कुलपाला किल्ली एकच, आणि ती ज्याची त्याच्या गळ्यात. कुलूप निघालं की किल्ली त्यातच ठेवून दोन्ही कपाटात टांगायचं. किल्ली गळ्यात आहे म्हणजे कुलूप बोर्डावर आहे, एवढं साधं गणित. सगळी कुलपं दिसायला सारखी, म्हणून जो तो त्यावर आपली खूण करी. हेट्टीनं पहिल्याच आठवड्यात आईच्या नखांच्या रंगानं बदक काढलं होतं. काढायचा होता खरं तर गरुड, पण चोच बिघडली.

आणि याखेरीज एक रीत होती, कुठेही न लिहिलेली. कुलूपवाल्याला 'अजून किती वेळ?' असं विचारायचं नाही. गाडीखालच्या माणसाला घाई केली की त्याचा हात घाई करतो, आणि घाईत आवळलेल्या नटावर पुढे शेकडो माणसं बसून जातात. तेव्हा ज्याला थांबायचंय त्यानं गुपचूप चहा करावा आणि कुलूपवाल्यासाठी एक कप झाकून ठेवावा. नवा माणूस ही रीत शिकायला महिना घेई. या बुटांना ती पहिल्याच दिवशी ठाऊक होती.

हेट्टी शिडीवरून वर आली तेव्हा बुटांच्या वरचा बाकीचा माणूस दिसला. उंच, केसांत पावसाचे बारीक थेंब, आणि कान असे की थोडंसं काही झालं तरी लाल व्हावेत. ते आत्ताही झाले होते.

"बदक, चहा," तो कप पुढे करत म्हणाला.

"हेट्टी राऊटलेज. तिसऱ्या वर्षाची शिकाऊ."

"फिनले मॅकफी. नवा शंटर. गाड्या शेडमधून काढायच्या, स्टेशनात नेऊन द्यायच्या, परत आणायच्या. घर मॅलेगला. रूळ संपतात ना, तिथेच."

"म्हणजे तिकडून पुढे जायला जागा नव्हती म्हणून इकडे आलात?"

"पुढे समुद्र होता. बदक असतो तर गेलो असतो."

हेट्टीला उत्तर सुचलं नाही. आता हेट्टीला उत्तर न सुचणं ही डेपोत बातमी होण्यासारखी गोष्ट होती, आणि ती झालीच. दुपारपर्यंत कासिमनं ती कँटीनभर केली. कासिम तिच्याच तुकडीतला दुसरा शिकाऊ. दारांच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता आणि दुसऱ्याच्या भानगडींत त्याच्याइतका रस कुणाला नव्हता.

"ए हेट्टी, चहा कसा होता?"

"गरम."

"चहाचं नाही विचारत मी."

"मग ज्याचं विचारतोस तोही गरम होता. कान बघितलेस त्याचे?"

हेट्टीची उमेदवारी अशी काही लाडाकोडाची नव्हती. पहिले कित्येक महिने तिनं एका लोखंडी ठोकळ्याला कानस घासण्यात घालवले होते, तो सहाही बाजूंनी सपाट होईपर्यंत. शिकवणाऱ्या होत्या विनीबाई टिनिसवूड, शिकाऊ मुलांच्या वस्ताद. या डेपोत डांगरी घालून पाना हातात घेणारी पहिली बाई त्याच. ठोकळ्यावर सरळ पट्टी टेकवून, तो उजेडाकडे धरून त्या म्हणत, "पोरी, इथून प्रकाश येतोय बघ," आणि परत हातात देत. ज्या दिवशी प्रकाश आला नाही त्या दिवशी त्यांनी ठोकळा स्वतःच्या खिशात टाकला. हेट्टी त्या रात्री जमिनीवर चालत घरी गेली नाही. विनीबाईंसारखं व्हायचं, एवढंच तिला जगाकडून हवं होतं. म्हणजे नोव्हेंबरापर्यंत तरी एवढंच हवं होतं.

त्यानंतर फिनलेचा चहा नेमानं येऊ लागला. ज्या गाडीखाली बदक, त्या गाडीशेजारी बूट. कधी गाडी काढायची वेळ व्हायच्या आधी अर्धा तास, कधी तासभर आधीच.

"आज फार लवकर आलास?" ती खालून विचारी.

"पाऊस होता. म्हटलं, आत थांबावं."

"पाऊस कँटीनमध्येही पडत नाही."

"कँटीनमध्ये बदकं पण नसतात."

ती खाली, तो वर, मध्ये अख्खी गाडी. हेट्टीला वाटे, गाडी मध्ये आहे म्हणूनच इतकं बोलणं सुचतं. वर आल्यावर, समोरासमोर, तिच्या जिभेला गंज चढे. चहाचा कप घेताना बोटाला बोट लागलं तर दोघंही एकदम हवापाण्याबद्दल बोलायला लागत.

आणि त्याचं काम… त्याचं काम पाहून तर ती वेडीच झाली होती. एकदा बदललेले ब्रेक तपासायला विनीबाईंनी तिला यार्डातून स्टेशनापर्यंत रिकाम्या गाडीत बसवलं. हेट्टीनं टेबलावर काठोकाठ भरलेला कप ठेवला आणि बघत बसली. गाडी सुटली, वळली, फलाटाला लागली… गाडी थांबली कधी ते तिला कळलंच नाही. खिडकीतला फलाट सरकायचा राहिला तेव्हा लक्षात आलं. कपातला चहा हलला नव्हता. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी त्यानं ती गाडी थांबवली होती.

घरी गेल्यावर तिनं आईला हे तीनदा सांगितलं. आईचं गावातल्या डेंटन होम भागात केस कापायचं दुकान, माणसं वाचायची तिला सवय.

"तुला मुलगा आवडला की ब्रेक?" आईनं विचारलं.

"आई! ब्रेक तर मीच लावले होते."

"मग मुलगाच," आई म्हणाली आणि कात्री पुसायला लागली.

एप्रिलमध्ये, एका संध्याकाळी, खड्ड्याच्या कडेला बूट आले ते नेहमीसारखे स्थिर उभे राहिले नाहीत. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले.

"बदक."

"हं."

"मला ड्रायव्हरच्या प्रशिक्षणाला घेतलंय. फोर्ट विल्यमला. म्हणजे… मॅलेगची गाडी. आमच्या घरासमोरून जाते ती."

हेट्टीच्या हातातला नट निसटून खड्ड्यात पडला. तिनं तो वाकून शोधला. शोधायला जरा जास्तच वेळ लावला. लहानपणी तो त्या गाडीला हात करत रोज कुंपणाशी उभा राहायचा, हे त्यानंच तिला सांगितलं होतं. त्या गाडीच्या पुढच्या काचेमागे बसायचं, म्हणून तर त्यानं इथे हिवाळाभर गाड्या पुढेमागे केल्या.

ती वर आली. डांगरीला हात पुसला, तरी काळाच राहिला. आणि तो काळा हात पुढे करून म्हणाली,

"अभिनंदन."

त्यानं तो हात धरला. लगेच सोडला नाही.

"तिकडे पाऊस इथल्यापेक्षा जास्त असतो," तो म्हणाला. "म्हणजे… इथे राहावं असंही वाटतं कधीकधी. काही कारण असतं तर…"

कारण त्याच्यासमोरच उभं होतं, नाकावर ग्रीस लावून. पण हेट्टीला शिकवण होती दुसऱ्याच्या गाडीला विनाकारण अडवून न ठेवण्याची. लहानपणापासून जी गाडी बघत आला, तिच्यात बसायची त्याची पाळी आली असताना आपण 'थांब' म्हणायचं? ती म्हणाली,

"मग छत्री ने."

कासिमला हे कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अभिनंदन म्हणालीस? हात मिळवलास? आणि वर छत्री? अगं बाई, तो नोकरीच्या मुलाखतीला आला होता का?"

"त्याला थांबवायचं नाहीये मला."

"थांबवू नकोस ना! सांग नुसतं. सांगितल्यानं गाडी थांबत नाही, माणसाला कळतं तरी आपल्यामागे कोण हात करतंय ते."

हे मात्र हेट्टीला पटलं. महिनाभर ती ते वाक्य मनात कानशीनं घासत राहिली. फिनले, मला तू आवडतोस, तू जा, पण हे माहीत असून जा. प्रत्येक वेळी कुठून तरी प्रकाश यायचाच. आणि मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार उजाडला.

त्या दिवशी फिनलेचं शेवटचं काम असं होतं: हेट्टी जिचे ब्रेक बदलत होती तीच गाडी संध्याकाळी स्टेशनात न्यायची, व्हाइटहेवनच्या ड्रायव्हरच्या हवाली करायची, आणि तसंच बॅग उचलून शेजारच्या फलाटावर फोर्ट विल्यमच्या वाटेवरची ग्लासगोची गाडी पकडायची. हेट्टीनं ठरवलं, सांगायचं ते तिथेच, फलाटावर. डेपोत नाही. इथे कासिम होता, विनीबाई होत्या, केक खायला जमलेले सगळे फिटर होते. सगळ्यांच्या देखत तोंडातून शब्द फुटणं अशक्य होतं.

दुपारी ब्रेक लागले. विनीबाईंनी खाली उतरून एकेक तपासला, बॅटरी फिरवली, मान हलवली आणि दुसऱ्या शेडमध्ये गेल्या. हेट्टीनं हत्यारं मोजून फळीवर लावली. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते, एकही मोकळी राहिली नाही पाहिजे. राहिली नाही. मागच्या डब्यात कासिम अजून दाराशी झटत होता. तो ओरडला, "हेट्टी, केक कापून झाला! तुझा फिनले निघायच्या तयारीत आहे!"

झालं. हेट्टी पळाली ती थेट नहाणीघरात. हात घासून घासून जवळजवळ पांढरे केले, कपाटातून हिरवा झगा काढला. तो गेल्या दोन दिवसांपासून तिथे टांगून ठेवला होता, कपाटातल्या एकुलत्या एक खुंटीवर. त्या खुंटीवर रोज काय असतं, याचा त्या क्षणी तिला पार विसर पडला. आईनं फोन करून करून जीव खाऊ नये म्हणून तिनं फोनचा आवाज बंद केला आणि मागच्या दारानं निघाली.

स्टेशनाच्या काचेच्या छपरावर पाऊस टपटपत होता. फलाटावर कॉफीचा आणि ओल्या कोटांचा वास. हेट्टी बाकाजवळ उभी राहून वाक्य घोकत होती. फिनले… मला तुला एक सांगायचंय. नको, 'सांगायचंय' नको, माणूस घाबरतो. फिनले, तू जा. छे, सुरुवातीलाच जा?

व्हाइटहेवनची गाडी यायची वेळ झाली. गाडी आली नाही.

मग घोषणा झाली: गाडीतल्या कामामुळे उशीर. शेजारची एक म्हातारी पिशवी खाली ठेवत पुटपुटली, "यांची कामं कधी वेळेवर होतील तर शपथ!"

हेट्टीला मनापासून राग आला. कामामुळे? तिच्या गाडीत? ब्रेक विनीबाईंनी स्वतः पाहिले होते, नट न् नट आवळलेला होता, मग कुणी घोळ घातला? कासिमचं दार असणार. थांब म्हणावं, सोमवारी बघते याच्याकडे… मनातल्या मनात भांडताना तिचा हात सवयीनं गळ्याशी गेला. बोटं साखळीतली किल्ली फिरवू लागली.

बोटं थांबली.

किल्ली.

तिनं खाली पाहिलं. हिरव्या झग्यावर, ऐटीत, तिच्या कुलपाची किल्ली लोंबत होती. पर्समधल्या फोनवर विनीबाईंचे फोनावर फोन येऊन गेले होते.

"काय झालं गं पोरी?" म्हातारीनं विचारलं. "पांढरी पडलीस."

"आजी," हेट्टी म्हणाली, "उशीर माझ्यामुळे झालाय," आणि धावत सुटली.

कार्लाइलच्या लोकांनी त्या संध्याकाळी लंडन रोडवरून हिरव्या झग्यातली एक मुलगी पावसात जीव खाऊन पळताना पाहिली. कुणी हसलं, एका टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. हेट्टीला रडू येत होतं. ज्याला अडवायचं नाही म्हणून महिनाभर तोंड शिवून बसली, त्याचीच गाडी तिनं कुलूप लावून अडवली होती. त्याची ग्लासगोची गाडी आता सुटतच असेल. आणि विनीबाई…

डेपोच्या फाटकावर पहारेकऱ्यानं हात आडवा केला. "झग्यात आत नाही जाता येणार."

"गॉर्डन, माझ्यामुळे सगळं अडलंय!"

"म्हणूनच. आणखी घाई नको." त्यानं शांतपणे नारिंगी जाकीट, शिरस्त्राण आणि पाहुण्यांसाठी ठेवलेले बूट पुढे केले. बूट बारा नंबरचे होते. त्याहून लहान जोड नव्हता.

अशा थाटात हेट्टी शेडमध्ये शिरली: हिरवा झगा, वर नारिंगी जाकीट, पायात होड्या. फटक, फटक, फटक. चालणं हुबेहूब तिच्या कुलपावरच्या चित्रासारखं. पाळीवरची सगळी माणसं गाडीशेजारी उभी होती. हातात चहाचे कप होते. कुणी हसलं नाही, कुणी 'किती वेळ' म्हणालं नाही. बोर्डावर एकच लाल कुलूप होतं आणि त्यावर पिवळं बदक. आणि बोर्डाखाली फिनले उभा होता, पायाशी बॅग, हातात दोन कप. एकावर बशी झाकलेली.

विनीबाई पुढे आल्या. त्यांचा आवाज कधीच चढत नसे, तोही आत्ता चढला नाही, आणि तेच जास्त लागलं.

"तुझी किल्ली तुझ्याकडे. कुलूप कापायचा अधिकार मला आहे, पण तू गाडीखाली नाहीस हे तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी कापत नाही. फोन तू घेतला नाहीस. चार फिटर खाली उतरून तुला शोधत होते. कशाला शोधत होते, कळतंय ना?"

हेट्टीनं मान हलवली.

"बाहेर गाडीभर माणसं खोळंबलीयत. आता रीतीप्रमाणे सांग. काय चुकलं, का चुकलं. सगळ्यांसमोर, म्हणजे दुसऱ्याचं तेच चुकणार नाही."

ही त्या डेपोची दुसरी रीत. चूक झाली की लपवायची नाही, सर्वांसमोर खरं कारण सांगायचं. खरं कारण सांगितलं तर शिक्षा कमी होते असं नाही, पण खोटं सांगणाऱ्याला त्या शेडमध्ये पुन्हा कुणी आपल्या गाडीखाली उतरू देत नाही.

"कुलूप न काढता गेले," हेट्टी म्हणाली. "घाईत होते."

"घाई हे कारण नव्हे. घाई कशाची?"

शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. कासिमनं कप तोंडाला लावला आणि तिथेच धरून ठेवला. हेट्टीनं विनीबाईंकडे पाहिलं. जिच्यासारखं व्हायचं होतं तिच्यासमोर थाप मारणं तिला जमलं नसतं.

"स्टेशनवर जायचं होतं. फिनले गाडीतून उतरेल तेव्हा… तिथे असायचं होतं." ती थांबली. मग सगळं एकदमच आलं. "तो मला आवडतो, विनीबाई. नोव्हेंबरपासून. त्यानं जावं, मॅलेगची गाडी त्यानंच चालवावी, त्याच्याइतकी छान गाडी कुणीच थांबवत नाही. पण हे न कळता तो गेला असता तर मला… मला ते सहन झालं नसतं. दिवसभर डोक्यात तेच होतं. म्हणून कुलूप राहिलं. हेच कारण आहे. दुसरं नाही."

कुणीतरी खोकलं. फिनलेचे कान… त्या कानांच्या उजेडात ब्रेक तपासता आले असते.

विनीबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "कारण समजलं. सोमवारी नव्या मुलांसमोर उभी राहून हेच सगळं पुन्हा सांगायचं. कुलपाचं. बाकीचं गाळलंस तरी चालेल."

"हो."

"पुन्हा होणार नाही?"

"कुलूप विसरणं नाही होणार."

आता मात्र शेड हसली. विनीबाई सोडून. त्यांनी बोर्डाकडे बोट केलं. "आधी गाडी बघून घे. मग काढ."

कुलूप काढण्यापूर्वी मालकानं गाडीभोवती फिरून खाली पाहायचं, कुणी माणूस, कुठलं हत्यार राहिलं नाही ना. हेट्टीनं डोळे पुसले, बॅटरी घेतली. अशा वेळी कुणीही पळत फेरी उरकली असती. ती पळाली नाही. एकेका चाकाशी वाकली, एकेका ब्रेकवर उजेड टाकला. फटक, फटक. दुसऱ्या चाकाशी वाकली तेव्हा गाडीखालून, पलीकडच्या बाजूला, तिला बूट दिसले. स्वच्छ पुसलेले. तिच्याबरोबर पाऊल टाकत चाललेले.

"बदक," पलीकडून हलका आवाज आला.

"काम करतेय."

"कर. मी नुसता बोलतो." बूट दोन पावलं चालले, थांबले. "मला गाडी काढायच्या तासभर आधी यायची गरज कधीच नव्हती."

"माहितीय. पावसामुळे यायचास."

"पाऊस नसलेल्या दिवशीही यायचो."

हेट्टीनं चाकाला हात टेकला. चाक गार होतं, तिचा हात नव्हता.

"कोणत्या गाडीवर बदक लागलंय ते सकाळी आधी बघायचो, मग ती गाडी मागून घ्यायचो," बूट म्हणाले. "एप्रिलमध्ये तू 'छत्री ने' म्हणालीस ना, मी खरंच छत्री विकत घेतली. मला वाटलं, तुझ्याकडून तेवढंच मिळणार."

"मूर्ख आहेस."

"हो ना."

"तुझी ग्लासगोची गाडी गेली असेल."

"गेली. आत्ताच शिटी ऐकली." आवाजात दुःखाचा लवलेश नव्हता. "पुढची दोन तासांनी आहे."

गाडीच्या शेवटच्या टोकाला दोन्ही बाजूंच्या वाटा एक होतात. तिथे बारा नंबरचे बूट आणि पुसलेले बूट समोरासमोर आले. या वेळी मध्ये गाडी नव्हती. हेट्टीला वाटलं होतं तशी जीभ गंजली नाही, तिची गरजच पडली नाही. फिनलेनं तिच्या नाकाकडे पाहिलं आणि बोट उचललं.

"इथे ग्रीस नाहीये," तो आश्चर्यानं म्हणाला. "आज पहिल्यांदा."

"सांगितलं ना, दिवसभर तयारी चालली होती."

तो हसला आणि नाकाला बोट लावलंच. मग त्याच हातानं तिचा हात धरला, आणि त्या दिवशी दोघांपैकी कुणीही हवापाण्याबद्दल बोललं नाही. पुढच्या टोकाकडून कासिमनं हाक मारली, "रीतीप्रमाणे किती वेळ ते आम्ही विचारणार नाही! पण चहा संपलाय!"

हेट्टीनं कुलूप काढलं. किल्ली गळ्यातून काढून त्यात ठेवली आणि दोन्ही विनीबाईंच्या हातात दिली. विनीबाईंनी अंगठ्यानं बदकावरची धूळ पुसली.

"ब्रेक तू बदललेस," त्या म्हणाल्या. "स्टेशनापर्यंत गाडीत बस आणि कसे लागतात ते बघून ये. अशी काय बघतेस? काम सांगितलंय." आणि वळता वळता, फक्त तिला ऐकू जाईल असं, "फेरी पळत मारली नाहीस ते बघितलं मी, पोरी."

रिकाम्या डब्यात हेट्टी एकटीच बसली. समोर टेबलावर फिनलेनं झाकून ठेवलेला कप, चहा गार झालेला, पण काठोकाठ. गाडी सुटली. यार्डाचे दिवे मागे पडले, काचेवर पाण्याच्या तिरक्या रेघा उमटल्या. वळण आलं, चहा हलला नाही. पूल आला, चहा हलला नाही. फलाटाचं छप्पर दिसू लागलं, खोळंबलेली माणसं बॅगा उचलू लागली. पिशवीवाली म्हातारीही त्यांत होती. तिनं खिडकीतून हेट्टीला ओळखलं आणि हात केला.

आणि गचकन गाडी थांबली.

अख्खा कप हिरव्या झग्यावर आला.

हेट्टी निथळत्या झग्यानिशी फलाटावर उतरली आणि पुढे गेली. व्हाइटहेवनच्या ड्रायव्हरला जागा देऊन फिनले खाली उतरत होता, बॅग खांद्याला, छत्री काखेत, कान लालभडक.

"ब्रेक मी नीट लावलेत," ती म्हणाली. "विनीबाईंनी तपासलेत. एकही सैल नाही."

"ब्रेकचा दोष नाहीच," फिनले म्हणाला. त्यानं तिच्यासमोर दोन्ही हात धरले. ते थरथरत होते. "मी आजवर असा थांबलो नव्हतो."

हेट्टीनं ते हात आपल्या हातांत घेतले. मागे दारं उघडली, माणसं भराभरा चढू लागली, म्हातारी कुणाला तरी सांगत होती की हीच ती उशीर करणारी. व्हाइटहेवनची गाडी सुटली, फलाट रिकामा झाला. दोघं तिथेच उभी होती.

"अजून किती वेळ आहे तुझ्या गाडीला?" हेट्टीनं विचारलं, आणि जीभ चावली. "नाही, नाही. विचारायचं नसतं."

"चल," फिनले म्हणाला, "आधी तुला चहा पाजतो. दोन चमचे साखर."